प्रस्तावना : आधी गिऱ्हाईक, मग कर्ज

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुपारी गेलात तर माणूस दिसण्याआधी आवाज येतो. लेथवर लोखंड सोलल्याचा, ग्राइंडरचा, कुठेतरी पत्रा ठोकल्याचा. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नोकरीला लागलो, तेव्हा माझी पहिली तपासणी अशाच एका शेडमध्ये होती. तीन लेथ, चार कामगार, कोपऱ्यात गणपतीचा फोटो आणि त्याखाली तेलाचे डाग पडलेली खतावणी. मालकांचं आमच्याकडे कॅश क्रेडिटचं खातं होतं. खातं मर्यादेला भिडलेलं, व्याज थकायला लागलेलं. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे मी विचारलं, "मर्यादा वाढवून हवी का?" त्यांनी कॉटन वेस्टच्या बोळ्याला हात पुसले, खतावणी उघडली आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या बँकेचं माझ्यावर पावणेदोन लाख देणं आहे. आता ही पार्टी बघा, ही बघा, ही बघा. माझं येणं साडेतीन लाख. सांगा मग, बँक तुमची का माझी?"

मला उत्तर सुचलं नाही. तपासणी अहवालात शेरा मारला : 'येणी त्वरित वसूल करण्यास सांगितले.' आणि परत आलो.

पुढे निवृत्तीपर्यंत शेकडो शेड पाहिल्या, दुकानं पाहिली, हातगाड्यांमागे उभं राहून हिशेब विचारले. तो प्रश्न मात्र पाठ सोडेना. लहान माणूस बँकेकडून कर्ज घेतो हे आम्हाला दिसत होतं, कारण ते आमच्या वहीत होतं. तोच माणूस आपल्याहून शंभरपट मोठ्या गिऱ्हाइकाला बिनव्याजी, बिनतारण, बिनमुदत कर्ज देतो, हे त्याच्या वहीत होतं. आणि ती वही आम्ही नीट वाचत नव्हतो. या पुस्तकात ती वही वाचायचा प्रयत्न आहे.

लहान धंद्याला मदत करायची म्हटली की सरकारला, बँकांना, संस्थांना आणि परदेशी देणगीदारांनाही आधी कर्जच सुचतं. त्यानंतर प्रशिक्षण, मग यंत्र, मग शेड. गिऱ्हाईक सगळ्यात शेवटी, तेही 'विपणन साहाय्य' अशा जड नावाने आणि बहुधा एखाद्या प्रदर्शनातल्या गाळ्यापुरतं. माझं म्हणणं असं की हा क्रमच उलटा आहे. धंद्याला पहिल्यांदा लागतं ते वेळेवर पैसे देणारं गिऱ्हाईक. बाकीची मदत त्याच्या मागून आली तर कामाला येते. त्याच्या आधी आली तर पुष्कळदा ओझं होते.

लहान धंदा कशाला म्हणायचं, याची सरकारी व्याख्या अधूनमधून बदलते. 2020 साली यंत्रसामग्रीत 1 कोटीपर्यंत गुंतवणूक आणि 5 कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म' ठरला. एप्रिल 2025 पासून या मर्यादा अडीच कोटी आणि 10 कोटी झाल्या. प्रत्यक्षातलं चित्र या आकड्यांच्या फार खाली आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2015-16च्या फेरीत देशात सुमारे 6 कोटी 34 लाख सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मोजले गेले. त्यांतले 6 कोटी 30 लाख सूक्ष्म. सगळ्यांत मिळून काम करणारे सुमारे 11 कोटी. भागाकार केला तर एका धंद्यामागे दोन माणसंही येत नाहीत. नवरा-बायको, नाहीतर बाप-लेक, नाहीतर एकटाच.

संख्येपेक्षा काळजीची गोष्ट दुसरी आहे. चँग-ताय श्ये आणि पीटर क्लेनो या अर्थशास्त्रज्ञांनी 2014 साली अमेरिका, मेक्सिको आणि भारत इथल्या कारखान्यांचं वय आणि आकार यांची तुलना प्रसिद्ध केली. अमेरिकेत 40 वर्षं टिकलेला कारखाना पाच वर्षांच्या आतल्या कारखान्याच्या सात पटींहून अधिक माणसांना काम देतो. मेक्सिकोत आणि भारतात ही वाढ साधारण दुप्पटच. यात मला नवं काही वाटलं नाही. उद्यमनगरात डोळ्यांनी पाहिलेलंच होतं. बापाच्या वेळी दोन लेथ होते, लेकाच्या वेळीही दोनच. मधल्या काळात पोरींची लग्नं झाली, घरावर स्लॅब पडला. शेड तेवढीच राहिली.

असं का होतं, याला प्रत्येक पिढीने आपलं उत्तर दिलं आणि त्या उत्तराप्रमाणे मदत केली. ती उत्तरं क्रमाने पाहू.

भारत सरकारचं पहिलं उत्तर होतं संरक्षण. 1967 साली 47 वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या असं ठरलं. यादी वाढत वाढत 800च्या वर गेली. लोणची, मेणबत्त्या, कुलपं, वह्या असलं बरंच काही तिच्यात होतं. हेतू चांगला होता. पण त्या यादीत एक खोच होती. लहान होतात तोवर वस्तू तुमची. वाढलात, गुंतवणुकीची रेषा ओलांडलीत, की आसरा गेला. मग शहाणा माणूस काय करील? एक कारखाना वाढवण्याऐवजी भावाच्या नावावर दुसरा काढील, बायकोच्या नावावर तिसरा. आमच्या बँकेतच एका आवारात तीन पाट्या असलेले खातेदार होते. वीज मीटर तीन, सुपरवायझर एक. ही यादी हळूहळू कमी होत 2015 साली पूर्ण संपली. लहान राहणाऱ्याला बक्षीस आणि वाढणाऱ्याला दंड, असा हा जवळजवळ अर्धशतकाचा धडा होता.

दुसरं उत्तर बांगलादेशातून आलं. 1976 साली चितगावजवळच्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी बांबूचे मोढे विणणाऱ्या बायका पाहिल्या. बांबूसाठी त्या सावकाराकडून पैसे घ्यायच्या आणि तयार माल त्यालाच, त्याच्याच भावाने द्यायच्या. गावातल्या 42 जणांची अशी सगळी गरज मिळून भरली 27 डॉलर. त्यातून 1983 साली ग्रामीण बँक उभी राहिली आणि 2006 साली युनूस आणि बँक यांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं. गरीब माणूस कर्ज फेडतो, तारण नसलं तरी फेडतो, हे या कामाने जगाला पटवलं. ज्या बँकेत मी काम केलं तिथे हे पटायला फार वेळ लागला, म्हणून त्या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे.

पण फेडणं वेगळं आणि वाढणं वेगळं. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांत सूक्ष्मकर्जाची काटेकोर पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2015 साली एकत्र छापून आले. भारतातली पाहणी हैदराबादच्या वस्त्यांमधली होती. कर्जाने थोडी मोकळीक मिळाली, काहींनी धंद्यात गुंतवणूक केली. पण कुटुंबाचं उत्पन्न सरासरीने फारसं हललं नाही. त्याआधीच, 2010 साली, आंध्र प्रदेशात एकाच घरात तीन-तीन कंपन्यांची कर्जं, वसुलीचा तगादा आणि आत्महत्यांच्या बातम्या यांनी हा धंदा हादरला होता. सरकारला वटहुकूम काढावा लागला.

कर्जाने धंदा का वाढत नाही, याचं एक उत्तर हप्त्यातच आहे. कर्ज हातात पडल्यावर पंधरा दिवसांत पहिला हप्ता सुरू होत असेल, तर माणूस त्या पैशातून शिलाई मशीन घेणार नाही. आठ दिवसांत विकून मोकळं होता येईल असा मालच तो भरील. कोलकात्यात संशोधकांनी काही बायकांना पहिल्या हप्त्याआधी दोन महिन्यांची सवड देऊन पाहिली. त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढच्या काही वर्षांत त्यांचा नफाही वाढला. मात्र थकबाकीही वाढली. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाक्य वाचून हसू येतं आणि रडूही. ज्या शिस्तीने कर्ज परत येतं, तीच शिस्त धंदा वाढू देत नाही. आमच्या वसुलीच्या टक्क्यांवर आम्ही बढत्या घेतल्या. खातेदाराच्या वाढीचा टक्का कुणी मागितलाच नाही.

याचा अर्थ भांडवल निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. श्रीलंकेत सुरेश दे मेल, डेव्हिड मॅकेंझी आणि ख्रिस्तोफर वुडरफ यांनी छोट्या धंद्यांना 10 ते 20 हजार श्रीलंकन रुपये, फेडीची अट न घालता, दिले. त्या भांडवलावरचा परतावा निघाला महिन्याला सुमारे पाच टक्के. कुठली बँक एवढं व्याज देते? पण त्याच अभ्यासात एक कोडं निघालं : बायकांच्या धंद्यांत सरासरी परतावा जवळजवळ शून्य. 'बायकांना धंदा जमत नाही' म्हणायला टपलेल्यांना आयतंच कोलीत मिळालं. पुढे दुसऱ्या संशोधकांनी श्रीलंका, भारत आणि घाना इथली आकडेवारी घराघरांच्या हिशेबाने पुन्हा तपासली, तेव्हा उलगडा झाला. ज्या घरात नवऱ्याचाही धंदा होता, तिथे बाईला मिळालेले पैसे त्याच्या धंद्यात गेले होते. जिथे कमावणारा धंदा तिचा एकटीचाच होता, तिथे तिचाही नफा वाढला होता. कर्जाच्या अर्जावर सही कुणाची आणि गल्ला कुणाच्या हातात, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडच्या बायकांनी हा प्रश्न स्वतःच सोडवायला घेतला. 1997 साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत केला होता, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नाही, पण व्याज तोंडी काढून दाखवतो. आमचं आणि तुमच्या साहेबांचं एकदम मोजा. मला या गोष्टीतला पाणउतारा आवडत नाही, कारण मी टेबलाच्या त्या बाजूचा. पण ती खरी आहे आणि कामाची आहे. आठवडी बाजाराच्या गावी बँकेने बाजारच्या दिवशी जावं, बचत दारात जाऊन गोळा करावी, हे शहाणपण गिऱ्हाइकाकडून आलं.

तसं पाहिलं तर हे शहाणपण जुनंच आहे. आपल्याकडे भिशी आहे. केनियात तिला 'चामा' म्हणतात, इथिओपियात 'इक्कुब'. 1928 साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने रोज दोन आणे गोळा करणारी पिग्मी ठेव सुरू केली, आणि घानाच्या बाजारांत 'सुसू' गोळा करणारा माणूस भाजीवाल्यांकडून रोजची शिल्लक नेतो तो जणू आपला पिग्मी एजंटच. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. हाताशी राहिलेला पैसा घरात टिकत नाही, म्हणून तो रोजच्या रोज घराबाहेर काढायचा. चेन्नईच्या फळवाल्या सकाळी हजार रुपये उचलून संध्याकाळी सरासरी 1,047 रुपये परत करत, असं अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांनी नोंदवलं आहे. रोज दोन कप चहाचे पैसे बाजूला ठेवले तर काही महिन्यांत हे कर्ज सुटेल, असं आपल्याला वाटतं. दुसऱ्या संशोधकांनी चेन्नईत आणि फिलिपिन्समध्ये अशा विक्रेत्यांचं सगळं कर्ज एकदम फेडून पाहिलं. बहुतेक जण काही महिन्यांत पुन्हा सावकाराच्या दारात. घरात आजारपण आलं, शाळेची फी आली, पाहुणे आले. गाडीचा गल्ला आणि घराचा डबा एकच होता.

तिसरं उत्तर म्हणजे प्रशिक्षण. मी स्वतः उद्योजकता शिबिरांत ताळेबंद शिकवला आहे. खडूने फळ्यावर नावे-जमा लिहीत असताना समोरची निम्मी मंडळी जेवणाच्या कुपनाकडे बघत असत, हे मला दिसत होतं. डोमिनिकन प्रजासत्ताकातला एक प्रयोग वाचला आणि डोळे उघडले. तिथे छोट्या धंदेवाल्यांच्या एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं आणि दुसऱ्याला फक्त काही सोपे नियम दिले : घराचे पैसे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या कप्प्यांत ठेवा, आपल्यासाठी ठरावीक पगार घ्या. फरक पडला तो दुसऱ्या गटात. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या लोमे शहरात 1,500 छोट्या धंद्यांवर असाच प्रयोग झाला. नेहमीच्या धंदा-शिक्षणाने नफा 11 टक्के वाढला, तोही योगायोग म्हणावा इतपत. पण स्वतः पुढाकार घेणं, अडचणीआधी तिची तयारी करणं, इतरांपेक्षा वेगळं काही देणं, असं मनाचं वळण शिकवणाऱ्या वर्गाने 30 टक्के.

शिकवण्याची गरज मोठ्यांनाही असते. मुंबईजवळ तारापूर आणि उंबरगाव इथल्या कापड विणणाऱ्या काही कारखान्यांना निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जागतिक सल्लागार कंपनीची माणसं फुकट दिली. हे कारखाने शेकडो कामगारांचे, पण गोदामात सुताचे कोन कसेही पडलेले, यंत्र बंद पडल्यावरच तेलपाणी, कापडात दोष कुठे आला याची नोंद नाही. यादीने 38 साध्या सवयी लावल्या आणि वर्षभरात उत्पादकता 17 टक्के वाढली. मग आधी का केलं नाही? याच अभ्यासात एक टिपण आहे, ते मला आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं. कारखाना किती वाढणार, हे ठरत होतं मालकाच्या घरात कर्ती पुरुषमाणसं किती यावरून. बाहेरच्या व्यवस्थापकावर विश्वास नाही. चोरी झाली तर कोर्टाचा निकाल आपल्या हयातीत लागेल याचीही खात्री नाही. मुलगे दोन, तर कारखाने दोन. काही वर्षांनी संशोधक पुन्हा गेले, तेव्हा त्या सवयींपैकी निम्म्या सुटल्या होत्या.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. वरच्या प्रत्येक उत्तरात थोडं खरं आहे. पण जिथे धंदा खरोखर वाढला, तिथल्या गोष्टीच्या सुरुवातीला गिऱ्हाईक उभं असतं. लिज्जत पापडाची गोष्ट आपण 80 रुपयांच्या उसनवारीची म्हणून सांगतो. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटले हे खरं, आणि उसने 80 रुपये हेही खरं. पण त्या दिवशीची चार पाकिटं भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने विकायला घेतली, हे आपण घाईत सांगून पुढे जातो. ती विकली गेली म्हणून दुसऱ्या दिवशी लाटणं पुन्हा हातात आलं. देणगी घ्यायची नाही, तोटा झाला तरी नाही, असंही त्या बायकांनी ठरवलं होतं. देणगीदार काय हवं ते सांगत नाही, गिऱ्हाईक सांगतं.

ब्राझीलच्या सेआरा या कोरड्या, गरीब राज्यातली हकिकत तर प्रत्येक जिल्हा उद्योग केंद्राच्या भिंतीवर लावावी. 1987 नंतर तिथल्या राज्य सरकारने शाळांची बाकं मोठ्या कारखान्यांऐवजी गावोगावच्या सुतारांकडून घ्यायला सुरुवात केली. जुडिथ टेंडलर यांनी हे बारकाईने लिहून ठेवलं आहे. ऑर्डर एकेका सुताराला न देता त्यांच्या संघाला द्यायची, म्हणजे एकाचं काम बिघडलं तर सगळ्यांचं पेमेंट अडकतं आणि तेच एकमेकांवर लक्ष ठेवतात. निम्मे पैसे आधी, निम्मे माल पोचल्यावर. तांत्रिक मदत करणाऱ्या संस्थेलाही तिची दलाली ऑर्डर पुरी झाल्यावरच. साँव जुआँव दो आरुआरू नावाच्या लहानशा गावात चार करवतखाने होते, ते पाच वर्षांत 42 झाले. इथे प्रशिक्षण होतंच. पण बाकाचा पाय डुगडुगतो म्हणून बाक परत आलं त्या दिवशी ते होतं, आणि त्या दिवशी सुताराला ते हवंही होतं.

इजिप्तमध्ये नाईलच्या मुखाजवळच्या फुवा गावी गालिचे विणणाऱ्यांबाबत हेच दिसलं. काही विणकरांना चिठ्ठ्या टाकून परदेशी ऑर्डर दिल्या. त्यांचा नफा 16 ते 26 टक्के वाढला आणि विणही सुधारली, कारण घेणारा माणूस माल उलटून पाहत होता आणि काय चुकलं ते सांगत होता. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. कागद आला. पण जून 2025मध्ये मिलानच्या प्राडा कंपनीच्या मंचावर तसंच पायताण दिसल्यावर जो गदारोळ झाला, त्यात मला चांभारगल्लीतला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटला : 'त्यांनी नाव घेतलं, न घेतलं, ऑर्डर देणार का?'

आणि ऑर्डरनंतर पेमेंट. भारतात 2006च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायलाच हवं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रारीला परिषदा आहेत, 2017पासून 'समाधान' नावाचं ऑनलाइन दालन आहे. एवढा कडक कायदा जगात थोड्याच देशांत असेल. मग त्या लेथवाल्याच्या पोराने तक्रार का केली नाही? मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काका, पार्टीवर केस केली की बिल मिळेल, पार्टी जाईल." कायद्याने त्याला हत्यार दिलं, पण ते चालवलं की तोच जखमी होतो.

म्हणून तक्रारीवर न टेकलेले उपाय मला जास्त भरवशाचे वाटतात. मेक्सिकोच्या नाफिन या विकास बँकेने 2001 साली एक व्यवस्था सुरू केली. मोठ्या खरेदीदाराने बिल मान्य केलं की लहान पुरवठादार ते बिल बँकेला विकून पैसे लगेच घेतो आणि बँक मुदत संपल्यावर खरेदीदाराकडून वसूल करते. व्याजाचा दर ठरतो तो मोठ्याची पत पाहून. आपल्याकडची 'ट्रेड्स' ही पद्धत 2017पासून त्याच धर्तीवर चालते. एप्रिल 2024पासून आयकराच्या नियमातही बदल झाला : लहान उत्पादकाचं वा सेवा देणाऱ्याचं बिल मुदतीत दिलं नाही, तर त्या वर्षी तो खर्च मोठ्याला वजा मिळत नाही. मार्च महिन्यात उद्यमनगरात चेक यायला लागले, हे मी पाहिलं. त्याच सुमाराला काही मोठ्या पार्ट्या नोंदणी नसलेल्याकडे वळल्याचंही ऐकलं. उपाय केला की पळवाट निघते. मग पळवाटेचा उपाय. हे काम असंच चालतं.

एक कबुली इथेच देतो. नोकरीच्या मधल्या वर्षांत माझ्यापुढे एकाच आठवड्यात दोन अर्ज आले. एकाकडे दोन एकर बागायत तारण होतं, गिऱ्हाईक नव्हतं. दुसऱ्याकडे एका पंप कारखान्याची वर्षभराची ऑर्डर होती, तारण नव्हतं. मी नियमाने वागलो. पहिल्याची जमीन चार वर्षांनी लिलावात गेली. दुसरा पुण्याला कुणाच्या तरी शेडमध्ये कामाला लागला. माझ्यावर ठपका आला नाही. फाइल व्यवस्थित होती.

वाढ सगळ्यांनाच हवी असते असंही नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. रस्त्याकडेला भजी तळणाऱ्या कित्येकांना दुसरी गाडी नको असते. मुलाला पगाराची नोकरी हवी असते. त्यांचं रोजचं पोट सुरक्षित करणं, पोलिसाच्या आणि पालिकेच्या गाडीपासून त्यांना वाचवणं, ही वेगळी आणि तितकीच मोलाची मदत आहे. वाढू पाहणारे थोडे असतात आणि त्यांना शोधावं लागतं. नायजेरियाच्या सरकारने 2011 साली धंद्याच्या आराखड्यांची स्पर्धा घेतली आणि 1,200 विजेत्यांना सरासरी 50 हजार डॉलर दिले. तीन वर्षांनी तपासलं, तर न जिंकलेल्यांच्या तुलनेत दहाहून अधिक माणसं कामाला ठेवणारे त्यांच्यात कितीतरी जास्त निघाले. चिमूटभर मदत सगळ्यांना वाटण्यापेक्षा योग्य माणसाला ओंजळभर देणं कधीकधी रास्त ठरतं.

पुस्तकाची मांडणी आधी गिऱ्हाईक, मग कर्ज, याच क्रमाने केली आहे. पहिला भाग गिऱ्हाइकाचा : ऑर्डर कुठून येते, सरकारी खरेदीत लहानाची दारं कुठे अडतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून किमान 25 टक्के खरेदी केंद्राच्या खात्यांना आणि उपक्रमांना बंधनकारक आहे, ती लहानापर्यंत पोचते कशी, हे त्यात येईल. दुसरा भाग पेमेंटचा, तिसरा हिशेबाचा आणि घरातल्या गल्ल्याचा. कर्ज चौथ्या भागात येतं. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हा क्रम खटकेल. त्यांनी चौथ्या भागापासून वाचायला सुरुवात केली तरी हरकत नाही. तिसऱ्याकडे मागे यावंच लागेल, अशी सोय केली आहे. दुसऱ्या देशांची उदाहरणं जिथे घेतली, तिथे आपल्याकडे तसंच्या तसं उचलावं असं सुचवायचं नाही. सेआराचा सुतार आणि कागलचा फाउंड्रीवाला यांचं लाकूड-लोखंड वेगळं आहे. त्यांची बिलं मात्र सारखीच थकतात.

हे पुस्तक अधिकाऱ्यांसाठी आहे, संस्थांत काम करणाऱ्या तरुणांसाठी आहे, आणि ज्यांना कुणी 'लाभार्थी' म्हणतं त्या धंदेवाल्यांसाठी तर आहेच. पण वाचणाऱ्यांत बहुसंख्य माणसं गिऱ्हाईकच असतील, हे मी जाणून आहे. लहान धंद्याला मदत करायला तुम्हाला कुठल्या योजनेची गरज नाही. शिंप्याचे, सुताराचे, प्रेसवाल्याचे, कोपऱ्यावरच्या वाण्याचे तुमच्याकडे काही राहिले असतील, तर हे पान इथेच ठेवा आणि आधी ते देऊन या.